काशीदच्या वाडीत इक्बाल थांबला तेव्हा

जायचं ठरलं ते इक्बालच्या फोनवर. "रविवारी काशीदला लोकांसमोर वाजवतोय. येतोस, की गुडघे परवानगी देत नाहीत?" इक्बाल माझा शाळेतला बाकसोबती. आखातात नोकरीला असताना कुणाच्या तरी खोलीत अमेरिकेतल्या ब्लूज गाण्यांच्या कॅसेटी ऐकून तो गिटारच्या नादी लागला आणि निवृत्त होऊन श्रीवर्धनला परतला तो गिटार घेऊनच. मी गुडघ्यांना विचारलंच नाही.

पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा. एसटी स्वस्त पडते, पण हाडं मोजून घेते. म्हसळ्यानंतर सुपारीच्या वाड्या दिसू लागल्या की मी गाडीत उरतच नाही. पाचवीत तालावर डोलत म्हटलेल्या कविता आपोआप ओठांवर येतात.

संध्याकाळी इक्बालच्या घरी रुकय्याभाभींनी घावन आणि कोळंबीचं सुकं वाढलं. मग ओट्यावर इक्बालने गिटार घेतली. एका वेळी एकच सूर. तो ओढायचा, थरथरवायचा, सोडून द्यायचा.

"कॉर्ड नाही वाजवत? तीन-चार सूर एकदम?" मी विचारलं.

"चार बोटं चार ठिकाणी? जमत नाही, आणि जमवावंसंही वाटलं नाही. ब्लूजवाले कितीतरी नामी लोक असेच. एकेक सूर, माणूस बोलतो तसा. चार जणं एकदम बोलली की गोंगाट."

"आमच्याकडे दोघं बोललो तरी होतो," भाभी आतून म्हणाल्या.

सकाळी त्याच्या गाडीतून निघालो. मुरूड-काशीदकडे जायचं तर दिघीहून आगरदांड्याला गाडीसकट फेरीबोट घ्या. खाडीला वळसा घालत बसू नका. रविवारी रांग असते, लवकर पोचा. वाटेत इक्बाल सारखा बोलत होता. काशीदला मानसीताईंचं होमस्टे आहे. आजच्या पाहुण्यांना आवडलं, तर दर रविवारी दुपारी त्याचं वादन ठेवायचं, असं त्या म्हणाल्या होत्या. "या वयात कोण देतं रे बसायला जागा?" एवढं मी ऐकलं. पुढे तो आपल्या वाजवण्याबद्दल काहीतरी समजावत राहिला. मी "हं, हं" करत जंजिऱ्याकडे बघत होतो. मनात कवितेची कुठलीशी ओळ घोळत होती.

मानसीताईंच्या वाडीत नारळाखाली वीस-पंचवीस पाहुणे. इक्बाल खुर्चीवर बसला, डोळे मिटले आणि सुरू झाला. पहिली ओळ वाजली. मग थांबला. दुसरी ओळ वाजली. पुन्हा थांबला, या वेळी बराच. बोटं तारेवर, पण हालचाल नाही. झावळ्यांची सळसळ ऐकू येत होती.

हा अडला! शाळेत कविता म्हणताना इक्बाल हमखास अडायचा आणि पुढचा शब्द मी पुरवायचो. आमच्या वर्गाचा तो धर्मच होता, अडलेल्याला उघडं पडू द्यायचं नाही. काल ओट्यावर ऐकलेली पुढची ओळ मी मोठ्याने गुणगुणलो. इक्बालने डोळे उघडले. मला वाटलं, अजून आठवत नाही. मी चक्क उभा राहिलो. "मंडळी, बऱ्याच वर्षांनी लोकांसमोर बसलाय. वय झालंय, सांभाळून घ्या. टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या झाल्या. "अंकल, नो टेन्शन!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्यानंतर इक्बाल कुठेच थांबला नाही. सुरावर सूर ढकलत, धापा टाकल्यासारखा वाजवत गेला आणि लवकर संपवलं.

परतीच्या फेरीबोटीवर तो कठड्याशी उभा होता. मी म्हटलं, "विसरलास ना मध्येच?"

"गाडीत तासभर काय सांगत होतो मी?"

मला फक्त जंजिरा आठवत होता.

"एकेक सूर वाजवणाऱ्याला मधली जागा सोडावी लागते. खाली कॉर्डचा आधार नसतो ना. सूर ऐकणाऱ्याच्या आत उतरेपर्यंत थांबायचं." मग पाण्याकडे बघत म्हणाला, "आयुष्यात एकदा मला सगळं पाठ होतं यार."

बोटीवर तोंड लपवायला जागा नव्हती.

श्रीवर्धनला पोचल्या पोचल्या मानसीताईंना फोन केला. चूक माझी, त्याची नाही, हे परोपरीने सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही किती जपता हो त्यांना! तुमची मैत्री बघून डोळे भरून आले." जितकं समजावावं तितका मी थोर ठरत होतो आणि तो म्हातारा.

पुण्याला येऊन आठवडा झाला. काल इक्बालचा फोन आला. रविवार मिळाला त्याला. पण मानसीताईंनी लॅपटॉपवर मागे कॉर्ड वाजत ठेवायची सोय केली आहे, म्हणजे काका मध्ये अडले तरी कळणार नाही.

"आणि तू हो म्हणालास?"

"वाजवायला तर मिळतंय. दोन गाणी झाली की लॅपटॉप बंद करून बघेन म्हणतो, चुकून बंद पडल्यासारखा."

काशीदला रविवारी गेलात, तर जेवून तसेच नारळाखाली बसा. लॅपटॉप बंद पडला तर कुणाला हाक मारू नका. तो माणूस बोटं तारेवर ठेवून थांबेल, तेव्हा तुम्हीही थांबा. त्याला पुढचं येतं.