कुणाची वाजली?

लेकीची व्हेंटिलेटरची नळी काढली तेव्हा मला वाटलं, सुटलो. दोन महिने आधीच जगात आलेली ती टीचभर पोर अधूनमधून श्वास घ्यायलाच विसरते, हे नंतर कळलं. ऑक्सिजन खाली जायचा, मशीन कोकलायला लागायची, नर्स तळपायाला टिचकी मारायची आणि बाईसाहेब पुन्हा श्वास घ्यायला लागायच्या. डॉक्टर म्हणाले होते, असं सारखं होत राहिलं तर नळी परत घालावी लागेल.

शेजारच्या काचपेटीत आणखी एक मुलगी होती, अजून व्हेंटिलेटरवरच. तिची आई ठाकुर्लीच्या पुढच्या गावातली, आगरी. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी दिवसभर बसायचो. दोन्ही मशीनचा आवाज अगदी एकसारखा. वाजली की दोघी उठून काचेशी धावायचो, कुणाची वाजली ते बघायला.

तिची असली की मला बरं वाटायचं. लिहायला लाज वाटते, पण बरंच वाटायचं. टेंभी नाक्याच्या देवीला मी मनातल्या मनात सांगितलं होतं, वाजायचीच असेल तर माझी नको. मग कुणाची, ते मी बोलले नव्हते. आमच्या काचेसमोर दोनच तर पेट्या होत्या.

एकदा तोंडातून चक्क 'हुश्श' निघालं. ती शेजारीच उभी होती. मी घाईघाईने म्हणाले, "बसून बसून पाठ भरून आली हो." तिने नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने सासूने वळलेले आळिवाचे लाडू आणले, दूध यायला चांगले म्हणून, आणि डबा आधी माझ्यापुढे धरला. तिने ऐकलंच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि लाडू खाल्ला. छान झाला होता, हेही सांगून टाकते.

दोघींच्या मुली आज शाळेत जातात. तिच्या लेकीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. मी 'गोड गं' असं लिहून पाठवते आणि फोन उलटा ठेवते.

कारण तिने लाडू आणले त्याच दुपारी, दुसरा लाडू हातात असताना, मशीन वाजली. मी धडपडत उठले. ती माझ्याआधी काचेशी पोचली होती. आत नर्स तिच्या लेकीच्या पेटीवर वाकली होती. काचेवरची नजर न काढता ती म्हणाली, "बसा ताई. तुमची नाय, माजी हाय."

मी तिच्याशेजारी जाऊन उभं राहायला हवं होतं. मी बसले.