भाऊंच्या गोठ्यातली परीक्षा

उभ्या मावळ तालुक्यात आमच्या भाऊंइतका संशयी माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर भाऊंना त्याचा आधीच संशय आलेला असेल. वराळ्याच्या ज्या दिव्यांच्या कारखान्यात मी खरेदी विभागात आहे, तिथं भाऊ दिव्यांची रचना करतात. म्हणजे कुठला दिवा किती उंचीवर, किती तिरका लावला की उजेड कुठं पडेल, ते ठरवतात. राहायला टाकवे बुद्रुकला, घरची भातशेती, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. फ्रीजचं दार लावल्यावर आतला दिवा विझतो, यावर तुमचा-माझा आपोआप विश्वास बसतो. भाऊंनी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो कोथिंबिरीच्या जुडीला टेकवून आत ठेवला आणि दार लावलं. दिवा विझल्याचं त्यात स्पष्ट दिसलं, तेव्हा त्यांना मोबाइलचा संशय आला. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात चवीला दिलेला तुकडा ते तोंडात घालत नाहीत, कारण तो मुद्दाम चांगला ठेवलेला असतो. पाकीट फोडून त्यातला मागतात. पंचांगातली सूर्योदयाची वेळही त्यांना मान्य नाही. "पंचांगवाल्याला काय म्हाईत, आमच्याकडं मधी डोंगर हाय ते," म्हणतात.

विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर. उजेड मोजायचं यंत्र विभागात होतं, पण भाऊ आधी डोळे बारीक करून आकडा सांगत आणि यंत्र मागाहून तो कबूल करी. निदान आम्ही तसं म्हणत असू.

अशा माणसावर सॉफ्टवेअर निवडायची वेळ आली. आमच्याकडे एका घाटरस्त्याच्या दिव्यांचं काम आलं होतं. वळणावर अंधार राहिला तर गाडी दरीत जायची, म्हणून दिवे बनवण्याआधीच संगणकात लावून उजेड कुठं किती पडेल ते दाखवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. निवड भाऊंची, कागदपत्रं माझी. तीन विक्रेते आले. एकानं सांगितलं, आमचं सॉफ्टवेअर डोळ्यांना न दिसणारे किरणसुद्धा मोजतं. भाऊंनी त्याच्याकडे पाकीटमाराकडे बघावं तसं बघितलं. "जे दिसतच न्हाई, त्याला उजेड का म्हनायचं?"

मग त्यांनी तिघांना आपल्या गोठ्याची मापं दिली. घाटरस्ता सोडून गोठा कशाला, असं मी विचारलं. "घाटात मला कुनीबी फसवंल. गोठ्यात मी जल्मापासनं वावरतोय."

ठरल्या दिवशी भर दुपारी आम्ही सगळे टाकव्याला गेलो. म्हशी बाहेर बांधल्या, खिडक्या नि फटी गोणपाटानं बंद केल्या, आढ्याला आमचा दिवा टांगला. तिघांच्या संगणकांवर गोठ्याचं चित्र जवळजवळ सारखंच होतं. कुणालाही यात आनंद वाटला असता. भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तिघं आतनं एकच हायेत." नंतर गव्हाणीकडे तोंड करून ते मधोमध उभे राहिले आणि मान न वळवता त्यांनी डाव्या हातानं कोपरा दाखवला. "तुमच्या चित्रात हा कोपरा उजळ हाय. हितं तर अंधार पडलाय."

पहिल्या विक्रेत्यानं लगेच मान डोलावली. "खरंय सर, भिंतीचा रंग चुकला वाटतं." त्यानं एक आकडा बदलला आणि चित्रातला कोपरा काळा झाला. दुसऱ्यानं त्याहून काळा केला. तिसरी पुण्याची एक इंजिनिअर बाई होती. तिनं कोपऱ्यात जाऊन यंत्र धरलं, आकडा वाचला.

"नाही सर, इथं उजेड आहे."

"ताई, गोठा माझा हाय."

"हो सर. पण आकडा मी बदलणार नाही."

भाऊंनी तिला चहा पाजला आणि तुमचं काम झालं, आता निघा म्हणून सांगितलं. मला मात्र त्या कोपऱ्यातल्या खोऱ्याच्या दांड्याला गेलेली चीरसुद्धा दिसत होती. पण भाऊंना खोटं पाडायची माझी छाती झाली नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

पुढचे चार दिवस भाऊ रजेवर होते. पाचव्या दिवशी आले ते थेट माझ्या टेबलाशी. आम्ही गेल्यावर ते पुन्हा गोठ्यात शिरले होते. एकदा हा डोळा झाकून, एकदा तो झाकून, तासभर त्यांनी तो कोपरा बघितला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला होता आणि नेमका तोच खरा निघाला.

"काचबिंदू हाय. तीन डॉक्टर केले. डावीकडची नजर गेली ती काय परत येत न्हाई."

त्यांनी पुण्याच्या बाईंचा कागद पुढं ओढला. "हेच घ्यायचं. त्या दोघांनी माझ्या एका शब्दावर अंधार केला. उद्या घाटात कुनी सायबानं म्हनलं तर उजेडबी करतील." सही करून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुला दिसत व्हता ना रं तो कोपरा?"

"हो भाऊ."

"मग बोलायचं व्हतं."

रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. घाटात आता दिवे लागलेत, वळणं उजळ आहेत. रस्ता ओलांडताना भाऊ माझा दंड धरतात आणि विचारतात, "डावीकडनं काय येतंय का?" मी नाही म्हणालो की लगेच पाऊल टाकतात. एकदा तरी त्यांनी थांबावं, माझ्याकडे संशयानं बघावं, असं मला फार वाटतं.