चिकाचे ठिपके

केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात जात नाही, म्हणून रावेरला केळीत काम करणाऱ्या बायका जुनेरं नेसतात. आमच्या घरमालकीणबाई मंगलाअक्का मात्र तो मुद्दाम लावायच्या. परसातल्या केळीचं पान खुडायचं, बोटावर चीक घ्यायचा आणि धोतराच्या पांढऱ्या फडक्यावर दुखल्या दिवसाचा एक ठिपका द्यायचा. फार दुखलं तर मोठा ठिपका. पाळीच्या दिवशी शेजारी लाल दोऱ्याचा टाका. मी शाळामास्तरीण, मला वाटलं भरतकाम असेल! विचारलं तर म्हणाल्या, "दुखस माय. कोनी मानत नई."

ओटीपोटात दुखायचं त्यांच्या, बारा वर्षं. केळीच्या फण्या धुता धुता एकदम हौदाची कड धरायच्या, ओठ दाबायच्या, आणि मग परत फण्या. सोनोग्राफ्या झाल्या, सगळ्या 'नॉर्मल'. एका डॉक्टरने गॅस सांगितला, एकाने कंबर. मीही एकदा शहाणपणा केला, "अक्का, मन जरा दुसरीकडे वळवा." त्यांचं माहेर धुळ्याकडच्या सोनगीरचं, त्यामुळे रागावल्या की पक्की अहिराणी. "मनमा नई शे बाई, पोटमा शे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्याकडची रीत अशी, की दुखतं बाईला आणि डॉक्टरला सांगतो नवरा. नाना म्हणजे त्यांचे यजमान, भला माणूस, बायकोला दवाखान्यात न्यायला कधी कंटाळले नाहीत. पण अक्का स्टुलावर मान खाली घालून बसणार आणि नाना म्हणणार, "पोट धरतं तिचं. वेळेवर जेवत नाही." पाळीचं नाव नानांच्या तोंडून कसं निघावं? आणि त्यांच्यासमोर अक्कांच्या तोंडून तरी कसं? बारा वर्षं डॉक्टर नानांचं ऐकत राहिले आणि औषध अक्कांना देत राहिले.

शेवटी एकाने सांगून टाकलं, "पिशवी काढा, कटकट मिटेल." अक्का तेव्हा चौतिशीच्या. नानांनी ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरवली. पण अक्का अडून बसल्या. "काबरं?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. काबरं म्हणजे का. भाजीवाल्याला काबरं, भटजीला काबरं, देवालाही काबरं. "दुखस काबरं ते कोनी सांगत नई, आन काढाले निंघनात!"

तारखेच्या दोन दिवस आधी मी त्यांना जळगावच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. नाना अर्थातच बरोबर. आत गेल्या गेल्या त्यांनी घसा साफ केला, "त्याचं काय आहे डॉक्टर..."

"तुम्ही भायेर बसा," अक्का म्हणाल्या.

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी पंख्याकडे बघितलं. गेले बिचारे बाहेर. अक्कांनी फडकं काढून टेबलावर पसरलं. डॉक्टरबाई कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत होत्या.

"हे टाके पाळीचे ना? म्हणजे दर वेळी चार-पाच दिवस आधी दुखायला लागतं. हे आधी कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोनी इचारंच नई."

पोटात दुर्बीण घालून बघितलं तेव्हा सापडलं. गर्भपिशवीच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर वाढून आतड्याला चिकटलं होतं. एंडोमेट्रिओसिस. पिशवी न काढता तेवढं साफ केलं. दुखणं कमी होईल, पुरतं जाईलच असं नाही, हेही डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. मला वाईट वाटलं. अक्का मात्र खाटेवर पडल्या पडल्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "व्हतं ना? मी खोटी नई शे ना?" नाना पायाशी उभे होते. "इतकी वर्षं मीच बोलत राहिलो," एवढंच म्हणाले.

यंदा माझी धुळ्याला बदली झाली. निघायच्या दिवशी मी गाठोडी बांधत होते आणि माझी नववीतली लेक पोट धरून खाटेवर मुटकुळं करून पडली होती. मी दोरी आवळत म्हणाले, "अगं, सगळ्यांनाच होतं. ऊठ, टेम्पो येईल."

अक्का दारात उभ्या होत्या. घरात गेल्या आणि ते फडकं घेऊन आल्या. त्याचा कोरा भाग टर्रकन फाडून त्यांनी लेकीच्या हातात दिला.

"माले बारा वरीस लागनात," त्या मला म्हणाल्या. "पोरले नको."

माझ्या हातातली दोरी सुटली. मी लेकीजवळ जाऊन बसले आणि पहिल्यांदाच तिला विचारलं, "कधीपासून दुखतंय गं?"