दोन तोंडांची होडी

आमची होडी कुठल्या तोंडानं चालते, असं तलावावर आलेला प्रत्येक माणूस विचारतो. मी सांगते, दोन्ही. मग तो माझ्याकडं बघतो, होडीकडं बघतो आणि तेच विचारायला माझ्या नवऱ्याकडं जातो. बाईनं शिवलेला ब्लाऊज गावाला चालतो, बाईनं सांगितलेली होडीची गोष्ट चालत नाही. पूर्वी मला याचा फार राग यायचा. आता तेवढ्या वेळात मी चहाला आधण ठेवते.

आमचं गाव तामलवाडीच्या अंगाला, तलावाच्या मावळतीकडच्या काठावर. रान मात्र उगवतीला, पाण्यापलीकडं. तलाव झाला तेव्हा मधली जमीन बुडाली आणि पलीकडचा एक तुकडा तेवढा हाती राहिला. त्यात मी पेरू लावले. लग्न होऊन या घरात आल्यावर माझ्या मनानं झालेली पहिली गोष्ट म्हणजे ती बाग. रोपं जगवायला मी डोक्यावर कळशी घेऊन उन्हात बांध चढले आहे. रस्त्यानं जायचं तर तलावाला मोठा वळसा पडतो आणि शेवटचा पट्टा काळ्या मातीचा, पावसाळ्यात पाय घातला की चप्पल तिथंच राहते. म्हणून मालक होडी वल्हवत जायचे. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, मालकी कुणाची ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

मग मालकांचा उजवा खांदा गेला. सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "वल्हं विसरा." मोटरसायकलही बंद झाली. मी वल्हवायला बसले. सकाळी जमायचं. पण दुपारी मावळतीचा वारा सुटला की घराकडं कितीही ओढा, होडी बागेकडंच सरकायची. इंजिन बसवा म्हणणारे पुष्कळ भेटले. पण तलावाचं पाणी गावाच्या नळाला येतं आणि त्यात तेल सांडायचं नाही असं गावानंच ठरवलेलं आहे.

मालक ओट्यावर बसून पाण्याकडं बघत राहायचे. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. एक दिवस म्हणाले, "पाडव्याला रान बटईनं देऊन टाकू."

बटई म्हणजे पिकाच्या वाट्यावर रान दुसऱ्याला कसायला देणं. बटईचा काय आणि सालगड्याचा काय, आमच्या भागात शब्द पाडव्याला दिला जातो, आणि पाडव्याला दिलेला शब्द वर्षभर मोडत नाहीत. मागणाराही तयार होता, शेजारच्या शिवारातला एक तरणा गडी. माणूस कष्टाळू, बोलायला गोड. पेरू उपटून तिथं ऊस लावायचा त्याचा बेत होता, एवढंच त्याचं मला खुपत होतं.

"माझी बाग तोडली तर मी तुमाला जेवायला वाढणार न्हाय," मी म्हणाले.

"मग खांदा कुठून आणू?"

मी आत जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर फोन बघत बसले.

त्या फोनवर मला ती होडी दिसली. दूरच्या समुद्रात बेटांवर राहणारी माणसं ती बनवतात, तिला प्रोआ म्हणतात. एक मोठी होडी, तिला आडव्या लाकडांनी जोडलेली एक बारकी, आणि वर खेकड्याच्या नांगीसारखं तिकोनी शीड. एकच माणूस पाय पसरून बसला होता आणि होडी तिरकी तिरकी होत वाऱ्याच्या तोंडावर चढत चालली होती. मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. मग फोन मालकांच्या नाकासमोर धरला.

"वल्हवायचंच न्हाय बघा. ज्या वाऱ्यानं आपल्याला आडवलं, त्योच नेतोय."

"हितं समुद्र हाय व्हय?" असं म्हणून मालक कसंनुसं हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर नव्हते. गोठ्यात प्लायवूडच्या पाट्या मांडून, कानावर पेन्सिल लावून, डाव्या हातानं रेघा मारत बसले होते. मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम काही बोलले नाही. मी बोलले असते तर ते उठले असते.

गावच्या सुतारानं हात लावला आणि मोठी होडी तयार झाली. दोन्ही टोकं सारखीच निमुळती. बारकी म्हणजे शेतातल्या जाड पाइपाची दोन्ही तोंडं पक्की बंद करून केलेली. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला लागले. नियम एकच, धाकटीनं कायम वारा येतो त्या बाजूला राहायचं. वाऱ्यानं शीड ढकललं की धाकटी आपल्या वजनानं थोरलीला उलथू देत नाही. वेळूच्या बेटातले तीन सरळसोट वेळू निघाले, एक डोलकाठीला आणि दोन शिडाच्या कडांना. घरातला प्रत्येक लांब वेळू तिकडं गेला.

शीड शिवायचं काम अर्थातच माझं. ताडपत्री आणली, तिकोनी कापली, कडा दुमडून शिवली आणि वेळूंना बांधली. नवी गाडी असो की ट्रॅक्टर, तोंडाला कुंकू लावून नारळ फोडल्याशिवाय आपण तिला हलवत नाही. मी होडीच्या एका टोकाला ठळक कुंकू लावलं, नारळ फोडला आणि होडी पाण्यात घातली. वारा पाठीशी होता तोवर छान पळाली. जरा तिरकी घातली की आडवीच सरकायला लागली, खेकडा परवडला. मालकांनी थोरलीच्या बुडाला एक उभी फळी ठोकली. सरकणं कमी झालं, ओढ मात्र येईना.

मी काठावर बसून शिडाकडं बघत राहिले. कापड ताणलेलं होतं, गुळगुळीत होतं, तरी वारा त्याच्यावरून घसरून जात होता. आणि मग मला माझंच हसू आलं. आयुष्यभर ब्लाऊज शिवले आणि शीड शिवताना मी चादर शिवून ठेवली होती. उठाव असलेल्या अंगावर सपाट कापड कधी बसतं का? कापड चिमटीत धरून निमुळते टक्स घालावे लागतात. वाऱ्यालाही अंग असतं, त्याला कापडात जागा हवी.

ताडपत्रीला टक्स घालायला माझी मशीन पुरेना. तुळजापुरात मंडप आणि ताडपत्र्या शिवणारे एक वयस्कर भाई आहेत, यात्रेतल्या दुकानांची निम्मी छपरं त्यांच्या सुईखालून गेलेली. मी शीड त्यांच्यासमोर पसरलं आणि खडूनं खुणा केल्या.

"भाभी, ये ताडपत्री हाय," ते म्हणाले, "बिलाऊज न्हाय."

"टक्स तर घालायचेच हायेत, भाई."

भाई इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग खुर्चीवरून उठले. "मशीन तुमीच चालवा. बदनामी झाली तर तुमची हुईल." मी बसले. दोन वेळू जिथं मिळतात तिथून, म्हणजे शिडाच्या नाकापासून, आत निमुळते होत जाणारे टक्स घातले. घरी येऊन शीड वर चढवलं आणि वारा आत शिरताच ते असं गोल फुगलं की काठावरची कपडे धुणारी बाई धोपाटणं हातात धरून उभीच राहिली. होडी तिरक्या वाऱ्यावरही ओढायला लागली. मी काठावर टाळ्या वाजवल्या. एकटीनंच वाजवल्या, पण जोरात.

आता खरी परीक्षा होती घराकडं येण्याची. बागेकडं जाताना वारा पाठीशी असतो, येताना समोर. समोरच्या वाऱ्यावर सरळ जाता येत नाही, एकदा या अंगानं तिरकं आणि एकदा त्या अंगानं तिरकं असं चढावं लागतं. मालक एकटेच होडीत बसून वाऱ्याबरोबर थोडे आत गेले, मी घराकडच्या काठाला गुडघाभर पाण्यात. पहिली तिरकी चाल झकास झाली. मग वळायची वेळ आली. मालकांनी सुकाणू म्हणून धरलेलं मागचं वल्हं दाबलं आणि नांगराच्या तासाच्या टोकाला औत वळवावं तशी होडी वळवली. कुंकवाचं टोक गरकन फिरलं. धाकटी वाऱ्याच्या उलट्या बाजूला गेली, शीड डोलकाठीवर थापलं गेलं, धाकटी पाण्याखाली दबली आणि सगळं बिऱ्हाड पालथं झालं.

पाणी छातीएवढंच होतं. मालक खांदा धरून चालत बाहेर आले. "बास झालं," म्हणाले. "पाडव्याला शब्द देतो." आणि मागं न बघता घरी गेले.

मी पालथ्या होडीशी उभी राहिले. होडीचा राग आला, वाऱ्याचा आला, मालकांचा तर आलाच. खेचून खेचून ती सरळ केली आणि तिथंच मला कुंकू दिसलं. ओघळलेलं, तरी ठळक. फोनवरची होडी मी डोळ्यांसमोर आणली. तो माणूस वळत नव्हताच. शिडाचं नाक या टोकाकडून त्या टोकाकडं न्यायचा, स्वतः उलटा बसायचा, आणि होडी आल्या वाटेनं दुसऱ्या टोकानं निघायची. धाकटी जिथल्या तिथं, वाऱ्याच्याच बाजूला. ज्या होडीला मागचं टोक नाहीच, तिला मी कुंकू लावून तोंड दिलं होतं.

मी घरी गेले. मालक भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी विचारलं, "तुमच्या लहानपणी विहिरीवर मोट हुती न्हवं? धावेच्या टोकाला बैल वळवत हुते का?"

"मोटंचं बैल कोण वळवतंय?" ते भिंतीलाच म्हणाले. "उतारानं म्होरं जातंय, मोट वर आली की उलटं चालत मागं सरतंय. वळायला जागा कुठं असती..."

आणि थांबले. मग हळूहळू माझ्याकडं वळले.

"मग होडी का वळवली?" मी म्हणाले.

मालक खालच्या आवाजात म्हणाले, "कुंकवाच्या तोंडानं मागं कसं जायाचं?"

मी करंडा उचलला, तशीच तलावावर गेले आणि होडीच्या दुसऱ्या टोकाला पहिल्यापेक्षा मोठं कुंकू लावलं. मालक मागून आलेच. "झाली दुतोंड्या," म्हणाले. दुतोंड्या म्हणजे मांडूळ, दोन्हीकडून सारखा दिसणारा साप, रानात सापडला तर आमच्याकडं कुणी मारत नाही. होडीला नाव मिळालं आणि मालकांना त्या रात्री पोटभर जेवण गेलं.

एक अडचण उरली. शिडाचं नाक उचलून दुसऱ्या टोकाला न्यायला दोन धड खांदे लागतात. त्याचा उपाय मात्र त्यांचा. पडक्या विहिरीवरची बारकी कप्पी त्यांनी एका टोकाला बसवली, तसलीच एक तुळजापूरहून आणून दुसऱ्या टोकाला, आणि दोन्हींवरून एक सलग दोरी फिरवली. शिडाचं नाक त्या दोरीला बांधलं. डाव्या हातानं दोरी ओढली की नाक थोरलीच्या कडेनं सरकत पलीकडं जायचं. सकाळच्या मंद वाऱ्यात ते रोज घोकत राहिले. भर दुपारच्या वाऱ्यात मात्र एकदाही केलं नव्हतं.

पाडवा उजाडला. गुढीला वेळू उरला नव्हता, म्हणून खण, कडुनिंबाचा डहाळा, गाठी आणि एक बारका तांब्या असं सगळं डोलकाठीच्या शेंड्यालाच बांधलं. पूजा झाली, स्वयंपाक उरकला आणि दुपारी आम्ही दोघं पाठवाऱ्यावर बागेत पोचलो. तो गडी वाळलेल्या रस्त्यानं मोटरसायकलवर आधीच येऊन थांबला होता. हातात नारळ, अंगात नवा सदरा. झाडांकडं अशा नजरेनं बघत होता की मला आताच बुंध्याला मिठी मारावीशी वाटली.

"काका, मग शब्द द्यायलाव न्हवं?"

"थांब जरा," मालक म्हणाले. "पोळ्यांचा डबा घरीच राहिला. घेऊन येतो."

डबा खरंच राहिला होता की मुद्दाम ठेवला होता, ते मालकांनी मला अजून सांगितलेलं नाही. ते एकटेच होडीत बसले. वारा चांगलाच सुटला होता, पाण्यावर पांढऱ्या रेघा उठत होत्या.

"काकू, वारं तोंडावर हाय," गडी म्हणाला. "काका न्हाय पोचायचे."

मी काठाजवळच्या पेरूखाली जाऊन उभी राहिले. होडी तिरकी निघाली, शीड फुगलेलं, वर तांब्या लकाकत होता. मधल्या पाण्यात शीड एकदम सैल पडून फडफडायला लागलं. मी पेरूची फांदी घट्ट धरली. शिडाचं नाक होडीच्या कडेनं या टोकाकडून त्या टोकाकडं सरकत गेलं. मालक वल्हं घेऊन सरकले, तोंड फिरवून बसले, शीड आवरायची दोरी खेचली. शीड पुन्हा भरलं.

"उलटी चालली की!" गडी ओरडला.

"सुलटीच हाय," मी म्हणाले. "दोन्हीकडून सुलटीच हाय ती."

मालक असेच तिरके तिरके चढत घरच्या काठाला लागले. थोड्या वेळानं डबा घेऊन परत आले, केस विस्कटलेले, सदरा पाण्यानं चिंब. गड्यानं आमच्याबरोबर पुरणपोळी खाल्ली, हात धुतले आणि नारळाकडं बघत विचारलं, "मग काका?"

"रोज येतोय की म्या," मालक म्हणाले. "द्यायचं कशाला?"

गडी हसला. नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाला, होडीला फोडा. उरलेसुरले पेरू मी त्याच्या पिशवीत घातले. त्याची मोटरसायकल बांधाआड गेली तसं मला एकदम इतकं हलकं वाटलं, की मी बागेतून एक फेरी मारून आले. सगळी झाडं जागेवर होती.

दिवस कलला. मालकांनी होडी धरून ठेवली. "बस म्होरं."

"म्होरं म्हंजी कुठल्या टोकाला?"

खांदा गेल्यापासून मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी हसले. "तू बसशील त्या टोकाला."

मी घराकडच्या टोकाला बसले, आणि आम्ही वाऱ्याच्या तोंडावर निघालो.