टेबलवाल्या मॅडम

मॅडमना टेबलांचं वेड होतं, आणि हे मी कौतुकाने सांगतोय. आमच्या कामाचा आठवडा ठरवायचा म्हटलं की बाकीचे लोक पाहुणे, बॅनर आणि जेवणाचा मेनू यांच्या मागे लागायचे. मॅडम टेप घेऊन हॉलमध्ये जायच्या आणि टेबलं मोजायच्या. त्यांना अरुंद टेबलं लागत. "रुंद टेबलावर समोरासमोर बसलेली माणसंसुद्धा एकमेकांना मेल करतात," असं त्या म्हणत. एकदा टेन्टवाल्याने झालर लावलेली गोल टेबलं पाठवली, तर त्यांनी टेम्पो दारातूनच परत धाडला. तेव्हापासून आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांसाठी त्या टेबलवाल्या मॅडम झाल्या.

एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या चित्रांवर चालणारी सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही लोक एरवी आपापल्या कामात डोकं खुपसून बसतो. वर्षातून एकदा भोपाळमधले असे सगळे प्रोजेक्ट एका हॉलमध्ये आणायचे आणि सोमवार ते शुक्रवार मिळून काम पुढे सरकवायचं, हा आठवडा मॅडमनी सुरू केला. त्या मूळच्या ग्वाल्हेरच्या. एका वैद्यकीय संस्थेत भौतिकशास्त्र शिकवत आणि शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकट्या राहत. मी अवधपुरीचा, कारखान्यातल्या क्लार्कचा मुलगा, तेव्हा नुकता प्रोग्रॅमर झालेलो.

तयारीच्या दिवसांत त्या प्रत्येक प्रोजेक्टला फोन करून एकच प्रश्न विचारत, "शुक्रवारी काय चालवून दाखवशील?" पहिल्या वर्षी मी मोठ्या ऐटीत सांगितलं की आम्ही छातीच्या एक्स-रेमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शक्यता तपासणार आहोत. "हा प्रोजेक्ट नाही रे, ही इच्छा झाली. बिल्कुल नाही चालणार. सोच नीट, मग लाव फोन," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला रागच आला. पण नुसत्या फुफ्फुसावरचे डाग शोधण्याचं, आठवड्यात धड होण्यासारखं काम घेऊन गेलो तेव्हाच मला टेबल मिळालं.

त्यांचा खरा हट्ट मात्र पुढचा होता. प्रत्येक टेबलाशी एक डॉक्टर बसलाच पाहिजे. त्यासाठी त्या डॉक्टरांच्या ड्यूट्या, ओपीडीच्या वेळा विचारून आठवडाभराच्या पाळ्या लावत. याचा उपयोग मला त्याच वर्षी कळला. आमचा प्रोग्रॅम काही लहान मुलांच्या छातीत एक गोल डाग हमखास दाखवायचा आणि आम्ही खुशीत होतो. शेजारी पोहे खात बसलेले एक्स-रेचे डॉक्टर पडद्याकडे बघून म्हणाले, "भाई, ये बीमारी नहीं है, ताबीज है। गले में पड़ा है।" आम्ही कित्येक महिने मुलांच्या गळ्यातले ताईत शोधत होतो. मॅडम पलीकडच्या टेबलाशी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, नुसती डॉक्टरांची बशी पुन्हा भरायला सांगितली.

अशी काही वर्षं बरी गेली. मग संस्थेत नवे संचालक आले आणि त्यांना या आठवड्यात समारंभ दिसला. व्यासपीठ आलं, समई आली, शाली आल्या. नियोजनाच्या बैठकीला मीही होतो. डॉक्टरांना टेबलाशी बसवण्याचा विषय निघताच संचालक म्हणाले, "मैडम, इतने सीनियर लोगों को आप लड़कों के बीच बिठाएँगी? अच्छा नहीं लगता।" त्यांच्यासाठी पुढे सोफे ठरले. मॅडम म्हणाल्या, "सर, सोफे से स्क्रीन नहीं दिखती।" सगळे हसले. विनोद म्हणून हसले, याची मला अजून चीड येते.

त्या आठवड्यात एका टेबलावर किडनीतल्या गाठीचं चित्र तयार करणारं सॉफ्टवेअर होतं. ते एका जिल्हा रुग्णालयात ऑपरेशनची आखणी करायला जाणार होतं. शुक्रवारी ते मोठ्या पडद्यावर दाखवलं. शरीर सावकाश फिरत होतं, गाठवाली किडनी लाल रंगात, टाळ्या चालू होत्या. मॅडम मागून चालत थेट पुढे आल्या आणि सोफ्यावरच्या त्याच एक्स-रेच्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या.

"डॉक्टर साहब, लिवर किस तरफ़ होता है?"

"दाईं तरफ़," ते हळूच म्हणाले.

"और यहाँ?"

पडद्यावरच्या शरीरात लिव्हर डाव्या बाजूला होतं. फाइल उघडताना डावं-उजवं उलटं झालेलं. आमच्या कामात ही चूक नवी नाही, म्हणून तर शेजारी डॉक्टर हवा. हे असंच गेलं असतं तर कुणाची तरी धडधाकट किडनी निघाली असती.

"मैंने देखा था," डॉक्टर म्हणाले. "सोचा, सत्कार के बाद बता दूँगा।"

सत्कार थांबला नाही. त्या पोरांना उलट्या किडनीबद्दल सन्मानचिन्ह मिळालं. लोक जेवायला गेल्यावर मॅडमनी डॉक्टरांना खुर्ची दिली, शेजारी पोरांना बसवलं आणि संध्याकाळपर्यंत चूक दुरुस्त करून घेतली. आणि याचं बक्षीस काय? पाहुण्यांचा अपमान केला म्हणून त्यांना आठवड्याच्या समितीतून काढलं. तक्रारीवर सह्या होत्या, त्यात त्या डॉक्टरांचीही होती. बघूनही ते गप्प बसले हे मॅडमनी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यांची लाज त्यांनी झाकली, त्यांची.

वर्षभरात त्या निवृत्त होऊन ग्वाल्हेरला निघाल्या. मी हबीबगंजला सोडायला गेलो. स्टेशनचं नाव बदललं तरी आम्ही इथले लोक हबीबगंजच म्हणतो. गाडीला वेळ होता, मी संचालकांपासून सुरुवात करून त्या डॉक्टरांवर आलो आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी मला बोलू दिलं.

"राग बरोबर आहे तुझा," त्या म्हणाल्या. "पण तू पुढे आठवडा करशील ना, तेव्हा त्यांनाच बोलव. सोफ्यावर बसून ताबडतोब ओळखलं त्यांनी. एवढी नजर आणखी कुणाची नाही इथे."

"त्यांनी तुमच्याविरुद्ध सही केली, मॅडम."

"हो ना. त्याने पेशंटला काय फरक पडतो?"

मागच्या हिवाळ्यात आम्ही काही जणांनी अवधपुरीत एक छोटा हॉल घेऊन आठवडा केला. डॉक्टरांना फोन मीच लावला. ते आले, पाचही दिवस पोरांच्या खांद्याला खांदा लावून बसले आणि दोन गंभीर चुका पकडल्या. मी त्यांना स्वतः चहा नेऊन देत होतो. मनातून अजून माफ केलेलं नाही, आणि तरीही पुढच्या वर्षी पहिला फोन त्यांनाच लावणार आहे.