‘लक्ष दे’ न म्हणणाऱ्या बाई

वानखेडे बाई वर्गात ‘लक्ष दे’ असं कधीच म्हणत नसत. दुसऱ्या कुणी म्हटलेलंही त्यांना खपत नसे. एकदा शाळेची तपासणी करायला आलेले केंद्रप्रमुख एका मुलावर खेकसले, ‘अरे, लक्ष कुठंय तुझं?’ बाईंनी भर वर्गात त्यांना थांबवलं. ‘सर, लक्ष काय खिशातला रुमाल हाय का, दे म्हटलं का काढून दिला? गेलं असंन त्याचं कुठी. आपुन जाऊन आनू. वरडून नाई येत ते.’ केंद्रप्रमुख एवढे गडबडले की तपासणी अर्धी टाकून चहा पिऊन निघून गेले.

सेलूजवळच्या आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई तिसरी-चौथीला शिकवत. उंच, हाडकुळ्या, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. खडूनं घसा बसून बसून आवाज कायमचा घोगरा झालेला. मुलाशी बोलायचं असलं की आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवायच्या, ते वर बघेपर्यंत थांबायच्या आणि मग एकच गोष्ट सांगायच्या. ‘पाटी काढ.’ पाटी निघाली की मग पुढचं. मला वाटायचं, या चालीनं यांचा तिसरीचा अभ्यास पोरं दहावीला गेल्यावर संपणार!

पण माझा आणि बाईंचा संबंध आला तो माझ्या सईमुळे. मी सेलूच्या पोस्टात नोकरीला. नवरा-बायको दोघं कमावते, म्हणून मुलीला वर्ध्याच्या एका इंग्रजी शाळेत घातलं होतं. सई बोलायला चुरचुरीत, पण शाळेत तिचं काही टिकेना. शब्द अर्धा लिहून सोडून द्यायची. पाण्याची बाटली हरवणं रोजचंच. एकदा तर एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशी घरी आली आणि तिला ते मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. बाहेर जेसीबीनं खड्डा कसा खणला ते मात्र ती इतकं बारीक सांगे की आपण चालवायला बसावं. शाळेतून रोज तक्रार. शेवटी मुख्याध्यापिकेनं गोड आवाजात सांगितलं, ‘हिच्यामुळे वर्ग मागे पडतो. दुसरी शाळा बघा.’

त्याच आठवड्यात वेणी घालताना सईनं विचारलं, ‘आई, माझं डोकं खराब आहे का? सगळे म्हणतात.’ माझा हात वेणीतच थांबला. आठ वर्षांची पोर, तिनं हे रडत विचारलं असतं तरी चाललं असतं, पण ती अगदी सहज, माहिती म्हणून विचारत होती. हे नाव तिला चिकटणार आणि ती ते खरं मानून जन्म काढणार, ही धास्ती तेव्हापासून माझ्या मनात बसली. सावंगीला एका डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी खूप वेळ घेऊन तपासलं आणि सांगितलं, हा आळस नाही, खोडसाळपणा नाही आणि बुद्धी तर मुळीच कमी नाही. काही मुलांच्या मेंदूची घडणच अशी असते, लक्ष एका जागी टिकत नाही. घरानं आणि शाळेनं सांभाळून घेतलं तर मूल छान निभावतं. औषध पुढे लागलंच तर बघू. मी म्हटलं, घराचं मी बघते, पण शाळा कुठून आणू?

गावातल्या शाळेत नाव घातलं. नवरा नाराज, सासूबाई त्याहून. पहिल्याच आठवड्यात मी पोस्टातून लवकर निघून शाळेत डोकावले आणि दारातच थिजले. फळ्यावर वजाबाकी चाललेली. सगळी मुलं पाटीवर लिहितायत आणि माझी मुलगी भिंतीशी उभी राहून कापसाच्या वाती वळतेय! समोर स्टुलावर वातींचा ढीग. माझं डोकंच फिरलं. इंग्रजी शाळेनं हाकललं ते बरं, इथं तर पोरीला कामालाच लावलं! मी दारातूनच आवाज चढवला, ‘बाई, मी मुलीला शिकायला पाठवलंय, वाती वळायला नाही.’

बाई शांतपणे जवळ आल्या. माझ्याही खांद्यावर हात ठेवला आणि मी गप्प होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, ‘मॅडम, तुमच्या पोट्टीचं ध्यान खिडकीतून पयते, दारातून पयते. मंग मी तिच्या हातात कापूस देल्ला. हात गुतले का कान घरी राह्यतात तिचे. पाहा आता.’ वळून त्यांनी विचारलं, ‘सई, बावन्नातून सतरा गेले?’ सईनं वात वळता वळता उत्तर दिलं. बरोबर दिलं. घरी हाच हिशेब करायला आम्ही दोघींनी रडून संध्याकाळ घालवली होती.

कापूस बाई स्वतःच्या घरून, सरकी काढून आणत. सई लिहीतही असे, पण बाई तिला चार ओळी झाल्या की उठवत. ‘जा, माठात पानी हाय का पाहून येजो.’ माठ भरलेलाच असायचा. मी हसून म्हटलं, तर म्हणाल्या, ‘माठाले काई फरक पडत नाई. तिले पडते.’ एकदा त्या माझ्याबरोबर सावंगीलाही आल्या. ‘मीबी येतो, मले बी इचारू द्या,’ म्हणून. डॉक्टरबाईंना त्यांनी इतके प्रश्न विचारले की बाहेरचे पेशंट कुरकुरायला लागले. महिन्या-दोन महिन्यांत सईचं इंग्रजी पार उडालं आणि तोंडी ‘मले-तुले’ आलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला मात्र शाळा सुटल्यावर उड्या मारत येणारी मुलगी दिसत होती. ती गोष्टीचं पुस्तक शेवटापर्यंत वाचत होती. डोकं खराब असल्याचा प्रश्न तिनं पुन्हा विचारला नव्हता.

मग नवरात्र आलं. वातींचं काय करायचं, म्हणून बाईंनी त्या गावातल्या देवीच्या मंदिरात देऊन टाकल्या होत्या. आमच्या भागात घरच्या कापसाची वात देवीला देणं इतकं नेहमीचं की त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, बाईंना नाही आणि मलाही नाही. पण पुढारी व्हायची घाई झालेल्या गावातल्या एका तरुणानं खिडकीतून सईचा फोटो काढला, स्टुलावरच्या ढिगासकट, आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ‘शाळेत मुलींकडून वाती वळवून घेतात, मंदिराला पुरवतात.’ दुपारपर्यंत तो फोटो पोस्टात माझ्या टेबलापर्यंत आला. आपलंच लेकरू मी असं अनोळखी माणसाच्या मोबाइलमध्ये बघत होते. पंचायत समितीकडे तक्रार गेली. चौकशीला साहेब येणार असं कळलं आणि बाईंची बदली होणार, असं सगळे धरूनच चालले.

मी तडक बाईंच्या घरी गेले. म्हटलं, ‘काळजी करू नका. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मी साहेबांना सांगते. वाती कशासाठी ते कळलं की प्रश्नच मिटला.’ बाई अंगणात वांगी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘नाई सांगाचं.’

‘काऊन?’ माझ्याही तोंडून ‘का’च्या जागी त्यांचंच निघालं.

‘साहेबासमोर सांगसान, पन बाहेर सारं गाव कान लावून राह्यन. उद्या म्हनतीन, पोस्टातल्या बाईची पोट्टी डोक्यातून गेली. ते नाव मंग जनमभर पुसत नाई. मले हलवतीन तं हलवू द्या.’

मी वैतागले. म्हटलं, तुम्ही गेलात तर सईचं काय? तेव्हा बाईंनी वांगं खाली ठेवलं.

‘माह्या मंगेशचं असंच होतं,’ त्या म्हणाल्या. ‘तवा मले कळत नोयतं. मास्तरनीचं पोरगं अन् नापास होते म्हनून लाज वाटे. मी त्याले साडीच्या काठानं खिडकीच्या गजाले बांधून अभ्यासाले बसवत होती. अन् मीच गावभर सांगत फिरली, याले डोकंच नाई. पोट्टे त्याले मठ्ठ्या म्हनत. घरात मीबी म्हने. दहावीच्या आधी घर सोडून गेला. सुरतेकडं ट्रक चालवते म्हनतात. माह्याशी बोलत नाई. एकाचं नाव म्या पाडलं मॅडम, दुसरीचं नाई पाडू देत.’

ज्या हातांनी त्या माझ्या मुलीच्या खांद्याला इतकं हळू स्पर्श करायच्या, त्याच हातांनी पोटच्या पोराला गजाला बांधलं होतं? मला त्यांचा राग आला, कीव आली, आणि त्यांच्या घरून पाणीही न पिता मी निघाले. रस्ताभर एकच घोळत होतं. गप्प बसले तर बाई जाणार आणि सई पुन्हा होती तिथं. बोलले तर तिच्यावर शिक्का. चौकशीच्या दिवसापर्यंत माझं काही ठरलं नाही.

साहेब आले. वर्ग भरलेला, दाराशी मी, व्हरांड्यात निम्मं गाव. फोटो काढणारा तरुण पुढच्या खांबाला टेकून. साहेबांनी विचारलं, ‘मुलीकडून वाती वळवून घेता?’

‘हो.’

‘मंदिरात देता?’

‘देतो.’

‘कशासाठी?’

बाई म्हणाल्या, ‘चूक झाली साहेब, लिहून घ्या.’ मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

तेवढ्यात सई उठली. कुणी उठ म्हटलं नव्हतं. ती तशीही बसून राहणाऱ्यातली नव्हतीच.

‘साहेब, वाती मीच घेतो. बाई नाई सांगत.’

‘का बरं?’

‘माह्यं लक्ष उडते. सारखंच उडते. डॉक्टरबाई म्हनल्या, राह्यतात अशी काई पोरं. हातात काई असलं का मले नीट ऐकू येते. मंदिरात द्या बी मीच म्हटलं. चांगल्या वाती फेकाच्या कशाले?’

आम्ही दोघी बायका जे पोटात दडवून बसलो होतो, ते पोरीनं हवापाण्याच्या गप्पांसारखं भर गावात सांगून टाकलं होतं. सगळे आपल्याकडे का बघतायत तेच तिला कळेना. तिनं बाईंना विचारलं, ‘बाई, सांगाचं नोयतं का?’

त्या मटकन खाली, मुलांच्या सतरंजीवर बसल्या. आता कोण काय बोलणार म्हणून मी व्हरांड्याकडे बघितलं. व्हरांड्यातून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, ‘बाई, असं असंन तं आमच्या राजूच्या हातात बी काई देऊन पाहा ना. त्याचं बी उडते.’ लोक हसले, पण सईला नाही हसले. ज्या गावाला आम्ही घाबरत होतो ते गाव बघता बघता दुसऱ्या विषयावर गेलं. साहेबांनी ‘वाती मंदिरात देऊ नयेत’ एवढंच लिहिलं. बाईंची बदली टळली आणि निवृत्त होईपर्यंत त्या त्याच वर्गात राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी अंगणातल्या सांबाराच्या वाफ्यात त्या कोसळल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. आदल्याच संध्याकाळी त्यांनी जुडी बांधून आमच्याकडे पाठवली होती. ती भिजवून ठेवलेली असताना निरोप आला. माझा विश्वास बसेना. मी निरोप आणणाऱ्यालाच रागावले.

मंगेश दुसऱ्या दिवशी पोचला. सगळं उरकलं होतं. चाळिशीचा, आईसारखाच उंच. अंगणात त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं. फाटकाची कडी लावी, काढी. फावडं उचले, पुन्हा ठेवी. आणि इतक्या वर्षांनी, मयताच्या घरी, माझ्यामागून कुणीतरी हलकेच म्हणालं, ‘वयखलं का? मठ्ठ्या मंगेश.’ त्यानंही ते ऐकलं असावं. तो फाटकाकडे वळला.

सई तेव्हा सहावीत होती. मी थांबवायच्या आत ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

‘तुमचं लक्ष उडते ना?’

मंगेशनं तिच्याकडे रोखून पाहिलं. ‘कोनं सांगतलं तुले?’

‘बाईनं. माह्यं बी उडते. बाई म्हनत, माह्या मंगेशची काईच चूक नोयती, त्याले डोकं लई होतं. मले समजलं नाई, मी चुकली. त्याले हे सांगाचं राह्यलं म्हनत.’

हे बाईंनी तिला कधी सांगितलं, मला काही ठाऊक नव्हतं. मंगेश तसाच कडीवर हात ठेवून उभा. मग तो फाटकापाशी मातीतच बसला.

‘पुन्हा एकदा सांग,’ तो म्हणाला.

सई त्याच्या शेजारी बसली आणि तिनं पुन्हा सांगितलं.