जाळीवरचं भस्म

कोप्पीकर रोडमागच्या आमच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या डब्याएवढी एक तांब्याची पेटी होती. एका बाजूने मिथेनॉल आणि पाण्याची वाफ आत जायची, दुसऱ्या बाजूने हायड्रोजन बाहेर यायचा. तो शेजारच्या छोट्या फ्युएल सेलमध्ये शिरला की वीज तयार. पेटी वर्कशॉपमधले आमचे कारागीर अण्णा यांनी बनवली होती. दुर्गदबैलाच्या बाजारात त्यांच्या घरची भांड्यांची दुकानदारी. आजोबा सांगलीकडून आलेले. केसाएवढी फट न ठेवता नळी जोडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मी मीटरचे आकडे टिपायची आणि शक्यतो गप्प राहायची.

खंडेनवमीला अण्णांनी सगळ्या यंत्रांची पूजा केली. पेटीला कुंकू लावलं, सेलवर ओल्या भस्माचे तीन पट्टे ओढले. पट्टे थेट जाळीवरून गेले. त्या जाळीतूनच सेल हवा घेतो. मला दिसलं, पण पूजेत मध्येच कोण बोलणार?

दोन दिवसांनी अळणावरकडच्या एका आरोग्य केंद्राची माणसं येणार होती; लसींची शीतपेटी यावर चालेल का, हे तेव्हा ठरणार होतं. त्या सकाळी दिवा जोडला की वीज घसरायची. अण्णांनी प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. तरी, चूक माझ्याच हाताची असणार, म्हणत त्यांनी करवत उचलली. पेटी कापली असती तर सहा महिन्यांचं काम वाया गेलं असतं.

"अण्णा, कापू नका. भस्म जाळीवर बसलंय. सेलला हवा मिळत नाही."

"कधी बघितलंस?"

"पूजेच्याच दिवशी."

त्यांनी करवत खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मी देवाचं नाव घेऊन सेलचं नाक दाबलं, आणि तू शेजारी उभी राहून आरती म्हटलीस."

ब्रशने भस्म झाडलं. मीटर चढला आणि वरच राहिला.

पाहुण्यांतल्या नर्सबाईंनी विचारलं, हे कधी बंद पडतं का? मी नाही म्हणून मोकळी झाले असते. शाळेत मी प्रत्येक चुकीवर पांढरी शाई फासायची. अण्णांनी मात्र सकाळची सगळी हकिगत सांगितली, तीन पट्ट्यांसकट. बाई म्हणाल्या, आमच्याकडेही पूजा होते, तेवढी सोय करून द्या, मग नेतो.

अण्णांनी त्याच दुपारी सेलच्या वरच्या कडेला, जाळीपासून दूर, तांब्याची एक चकचकीत पट्टी बसवली. भस्म लावायला.